जुळवणी

हर्णैच्या जेटीच्या वरच्या अंगाला
मुकादमांचा बर्फाचा कारखाना आहे.
खाली कॉम्प्रेसर धडधडतो, वर मी हिशोब लिहिते.
टेबलावरचा चहासुद्धा सारखा थरथरत असतो.

खाती चार.
दापोलीचं करंट, जिल्हा बँकेतलं जुनं,
पतपेढीतलं, जे बंद करायचं दरवर्षी ठरतं,
आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडामागचं, धाकट्या शेठच्या नावाचं.
तो कागद खाऱ्या वाऱ्यानं इतका पिवळा पडलाय
की स्कॅन होतो हेच नवल.

बिल निघतं 'एकवीरा प्रसन्न'च्या नावे.
पैसे येतात तांडेलाच्या मेहुण्याकडून,
अर्धे दापोलीत, पाचशे क्यूआरवर,
उरलेले मच्छीचा दलाल परस्पर भरतो, जिल्हा बँकेत, राउंड फिगर.
सॉफ्टवेअर विचारतं: कोणत्या बिलापोटी?
मी जेटीवर विचारते.
"लाव गो कुठंपन. बरफ तर कवाच इरघळला."

पहिली दोन वर्षं मी तारखेनं जुळवत होते.
काही जुळत नव्हतं.
मग एकदा हिराजी चोगले बिल भरायला आला,
माझ्यामागच्या भिंतीकडे बघून म्हणाला,
"बाय, तुजा कॅलिंडर इंग्रजी हाय."

तेव्हापासून स्क्रीनशेजारी तिथ्यांचं पान असतं.
अमावास्या-पुनवेचं उधाण,
त्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लिलावाचे पैसे,
अष्टमीच्या भांगाला चारी खाती कोरडी.
व्हाउचर तारखेनं लागतं,
पैसा तिथीनं येतो.
सस्पेन्स खात्यात चाळीस नोंदी अडकल्या होत्या.
त्या महिन्याअखेर एकच उरली.

अकराशे वीस.
पतपेढीत, रोख. भरणाऱ्याचं नाव नाही.

अकराशे वीस घेऊन मी सगळीकडे फिरले,
बिलांत, चलनांत, डिझेलच्या उसनवारीत.
सव्वीस नाखव्यांना फोन केले.
"आमचं नाय."
हिराजीही म्हणाला, "आमचं नाय," जरा थांबून.
पैसे आपले नाहीत म्हणणारी सव्वीस माणसं
एका दिवसात भेटली,
हे ताळेबंदात कुठे दाखवतात, मला शिकवलेलं नाही.

एका दुपारी लाइट गेली.
कॉम्प्रेसर थांबला, चहा स्थिर झाला,
आणि मला भागायचं सुचलं.
अकराशे वीस भागिले दोनशे ऐंशी.
चार लाद्या.

स्टॉकचं रजिस्टर अजून हातानं लिहितात, थोरल्या शेठचा हट्ट.
श्रावण वद्य दशमी, रात्री दीड.
चार लाद्या बाहेर. गिऱ्हाइकाच्या रकान्यात नुसती रेघ.
शेऱ्यात इब्राहीमशेठचं वाकडं अक्षर:
वितळल्या.

त्या रात्री हिराजीची बायको गेली होती.
पोरगा बहारीनहून निघालेला, पोचायला दीड दिवस.
लाद्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून वरच्या आळीला गेल्या.
गाडीला मागून हात शेठचाच होता म्हणे, लुंगी खोचून,
आणि वाटेत कुणी काही बोललं नाही.

आता शेठही नाहीत.
बिल केलं तर त्यांचा शेरा खोटा पडतो.
पैसे परत द्यावेत, तर कोणाला?
ज्याचे आहेत त्यानं नाही म्हणून सांगितलंय.

मार्चमध्ये ऑडिटर बोट ठेवतात, "हे काय?"
"पार्टी सापडलेली नाही."
"किरकोळ आहे, उत्पन्नात घेऊन टाका."
घेते म्हणते.
पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच बोट.

परवा हिराजी आला होता.
पूर्ण रक्कम, एकाच खात्यात, आठ लाद्यांची.
पावती निघेपर्यंत आम्ही दोघं
भिंतीवरच्या तिथ्या बघत राहिलो.
"उद्या भांग," तो म्हणाला.
"हो," मी म्हटलं,
आणि प्रिंटरमधला कागद सरळ केला.